तीन उंदीर गैरहजर

१

शुक्रवारी सकाळी ताईला कळलं, की तिने एक शोधनिबंध लिहिला आहे.

बातमी वडिलांनी दिली. डायलिसिसच्या खाटेवरून, एक हात यंत्राला दिलेला, दुसऱ्या हातात फोन.

"बाळ, अभिनंदन. नवा पेपर आला म्हणे तुझा. बापाला सांगायचं नाही होय?"

"कसला पेपर, बाबा? दोन वर्षांत मी भाजीची यादीसुद्धा लिहिलेली नाही."

"त्या गोळीचा. किडनी गेलेल्यांच्या हृदयाला जपणारी गोळी. मी तर सही करून मोकळा झालो. सोमवारी सकाळी पहिली गोळी."

ताई उभी होती, ती बसली. खुर्ची आहे का, हे न बघता बसली. नशिबाने होती.

ताईला सगळी संस्था ताईच म्हणायची. मूत्रपिंड बिघडलं की ते जाता जाता हृदयालाही कसं घेऊन बुडतं, एवढा एकच प्रश्न ती अर्धं आयुष्य उंदरांना विचारत आली होती. तिच्या नावावर एक्केचाळीस पेपर होते. प्रत्येकामागे एखादं आजारपण, एखादं मोडलेलं लग्न किंवा निदान एक बंद पडलेला फ्रीज होता. अडतिसावा तिचा सगळ्यांत जिवाचा. त्यात तिने दाखवलं होतं, की हीच गोळी निरोगी उंदराला काही करत नाही, पण मूत्रपिंड दुबळं असलेल्या उंदराचं हृदय लाकडासारखं ताठ करते.

तिने कॉम्प्युटरवर स्वतःचं नाव टाकलं. बेचाळीस.

बेचाळिसाव्याचं शीर्षक, तिचं पहिलं नाव आणि शेवटची ओळ तिने वाचली. 'सदर गोळी दुबळ्या मूत्रपिंडातही हृदयास पूर्णतः सुरक्षित आहे. आमचा पूर्वीचा निष्कर्ष घाईचा होता.'

"बाबा, नीट ऐका. ती गोळी घ्यायची नाही. तो पेपर मी लिहिलेला नाही."

"विनय चांगला गं, पण एवढाही बरा नव्हे."

"बाबा, मी खरं सांगतेय."

"छापलंय ना? पहिलं नाव कुणाचं आहे? तीन वर्षं ही सुई टोचून घेतोय मी. कधी नव्हे ते काहीतरी चांगलं आलंय, तेही माझ्या पोरीच्या नावानं. आणि तू म्हणतेस घेऊ नका? शिवाय गाडी येणार आहे दारात, न्यायला आणि आणायला." वडील बस आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले होते. दारात येणाऱ्या गाडीपुढे त्यांना जगातलं कुठलंही विज्ञान दुय्यम होतं.

फोन ठेवताना ताईच्या लक्षात आलं, की कुणीतरी तिच्या तोंडून तिच्याच बापाला फसवलं आहे.

२

ताई चिडली की आरडाओरडा करत नसे. ती आवरत सुटायची. तिचं टेबल लख्ख दिसलं, की लॅबमधले लोक जेवायला बाहेर जायचे.

त्या सकाळी ती संचालकांच्या टेबलासमोर उभी होती आणि त्यांच्या पेना एका रेषेत लावत होती.

संचालक मुळात मुतखड्याचे सर्जन. पुढे ते खुर्चीत बसले आणि खुर्चीने त्यांना संशोधक केलं. तीनशेहून अधिक पेपर त्यांच्या नावावर होते. आजारपणातही आठवड्याला एक यायचा, जणू रतीब. उंदरांच्या खोलीत मात्र त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. तिचं उद्घाटनसुद्धा त्यांनी बाहेरून, दाराची फट धरून केलं होतं.

"शेवटचं नाव तुमचं आहे, साहेब," ताई म्हणाली.

"माझं शेवटचं नाव सगळीकडेच असतं, मॅडम. ते पदाबरोबर येतं, गाडी आणि ड्रायव्हरसारखं."

"वाचलात?"

"मी वाचत बसलो तर लिहिणार कधी?" त्यांनी हे अगदी प्रामाणिकपणे विचारलं. "संमतीचा मेल आला, मान्य केलं. पेपर तुमच्याच मेलवरून गेलाय. आता तुम्ही म्हणता तुम्ही नाही पाठवला. मग कुणी, उंदरांनी?"

इथे ताईची बाजू लंगडी होती. लॅबच्या मेलचा पासवर्ड फ्रीजच्या दारावर चिकटवलेला होता. सगळ्या संस्थेला तो पाठ होता. फ्रीज दुरुस्तीला आलेल्या माणसालाही.

"चाचणी थांबवा," ताई म्हणाली. "माझा अडतिसावा पेपर होता म्हणून समितीने वर्षभर परवानगी अडवून धरली होती. हा खोटा आला आणि दिली. सोमवारी माझ्या वडिलांना गोळी देणार आहेत."

"वडील आहेत का? मग तर घरचंच माणूस. निश्चिंत असा."

ताईने पेना सोडून कागद दाबायचे गोळे रांगेत लावायला घेतले.

"चौकशी समिती नेमू," संचालक म्हणाले. "दोन-तीन महिन्यांत अहवाल येईल. घाई असेल तर पेपर मागे घ्या. पण एक सांगून ठेवतो. मागे घेतलेल्या पेपरवर लाल शिक्का बसतो, आणि तो पहिल्या नावाला चिकटतो. उद्या कुणी तुमचं नाव शोधलं, की आधी शिक्का दिसेल, मग तुमचे एक्केचाळीस. लोक म्हणतील, हिचे बाकीचे तरी खरे कशावरून? तुमचा तो अडतिसावासुद्धा."

"म्हणजे गप्प बसले तर बाबा जातील, आणि बोलले तर मी."

"असं टोकाचं बोलू नये. लेखक कोण ते शोधून आणा, शिक्का त्याला लावू."

नियम त्यांनी इतक्या प्रेमाने समजावला, की त्याच क्षणी ताईला हातातला कागद दाबायचा गोळा कुठेतरी जोरात ठेवावासा वाटला. तिने तो टेबलावरच ठेवला, बरोबर मधोमध.

३

पेपरवर पाच नावं होती. ताईचं आणि संचालकांचं सोडलं तर उरले तिघं.

पहिली चिमटा. ही ताईची विद्यार्थिनी. हातात चिमटा नसलेली तिला कुणी पाहिली नव्हती म्हणून हे नाव. उंदरांचं खाणंपिणं, वजन, मोजमाप सगळं तीच बघायची. डॉक्टरेटला एक पेपर कमी पडत होता म्हणून तिचं दोन वर्षं अडलेलं होतं.

"तूच लिहिलास का?" ताईने सरळच विचारलं.

"मी लिहिला असता तर माझं नाव तिसरं टाकलं असतं का, ताई?"

"संशय येऊ नये म्हणून टाकलं असशील."

"एवढी अक्कल असती तर दोन वर्षांपूर्वी पास झाले असते." चिमट्याचे डोळे भरून आले, पण चिमट्यातला कापूस पडला नाही. "संमतीचा मेल आला. वर तुमचं नाव होतं. दाबलं 'मान्य'. तुमच्या नावावर मी किडनीसुद्धा काढून देईन, आणि तुम्ही मला वाचलं का विचारता?"

"न वाचता किडनी देऊ नये," ताई म्हणाली आणि तिथल्या बरण्या उंचीप्रमाणे लावून बाहेर पडली.

दुसरा सरासरी. हा आकडेशास्त्री. संस्थेतल्या प्रत्येक पेपरची आकडेमोड याच्याकडे. तो तळघरात बसायचा आणि कुठल्याच गोष्टीला 'हो' किंवा 'नाही' म्हणायचा नाही.

"मी तो पेपर वाचलेला असण्याची शक्यता," तो विचार करून म्हणाला, "नगण्य आहे, मॅडम."

"आकडे कुणी दिले?"

"तुमच्या अडतिसाव्याचे आकडे माझ्याकडे आहेत. संचालकांकडे आहेत. चिमट्याकडे आहेत. हृदयवाल्या डॉक्टरांनी चाचणी आखताना मागून नेले. गुप्तता राखण्यात आपली संस्था सरासरीपेक्षा खाली आहे."

"त्या डॉक्टरांच्या चाचणीचं कामही तुझ्याकडेच ना?"

"बहुतांशी. पण मला फक्त पक्कं झालेलं येतं. कच्चे आराखडे मी हातात घेत नाही. लोक तीनदा बदलतात, आणि मला पित्त होतं."

"तू उंदीर कधी पाहिलास का रे?"

"रोज पाहतो. प्रत्येकी एक ओळ असते."

तिसरा ठोके. हा हृदयाचा डॉक्टर, ताईच्या वर्गातला. चाचणी त्याचीच. पेपर खोटा ठरला तर सगळ्यांत मोठं नुकसान त्याचं, आणि खरा ठरला तर सगळ्यांत मोठा फायदाही त्याचाच. ताई त्याच्या वॉर्डात शिरली तेव्हा तो स्वतःचा बूट पुसत होता.

"ये गं. बघ, दुसऱ्याच एका औषधाची चाचणी चालू आहे, सकाळपासून हा तिसरा. माणसांवर प्रयोग म्हणजे पाप. गोळी गिळतात आणि माझ्याच बुटावर परत करतात. तुझे उंदीर बरे. वेळेवर हजर, नातेवाईक नाहीत, आणि देवाने त्यांना ओकायची सोयच दिलेली नाही. पोटात गेलं ते गेलं."

"माझ्या नावावर पेपर तू लिहिलास?"

ठोक्याचा हात थांबला. "काय?"

"तुझी चाचणी माझ्या अडतिसाव्यामुळे अडली होती. माझं तोंड बंद करायचा सोपा उपाय म्हणजे माझ्याच नावाने बोलायचं. सोमवारी माझ्या बाबांना तू ती गोळी देणार आहेस. लाज कुठे ठेवलीस?"

"तोंड सांभाळ." ठोके उठला. एका पायात बूट नव्हता, त्यामुळे तो थोडा तिरका चिडला. "मी तुझा पेपर वाचून... म्हणजे, तुझं नाव वाचून चाचणी धरली. तू लिहिलास, तू बदललंस, मी तुझ्यावर विश्वास ठेवला. आणि तुझे बाबा त्यात आहेत हे मला आत्ता कळतंय. तिथे सगळ्यांना आकडेच दिलेत, नावं नाहीत."

"म्हणजे तूही वाचला नाहीस."

"आणि तू?"

"मी काय?"

"तू वाचलास का तुझा पेपर? सगळा?"

ताईने शीर्षक, नाव आणि शेवटची ओळ वाचली होती. पाच लेखकांचा पेपर, त्यात एक खोटारडा, आणि तो सोडून एकानेही तो वाचलेला नव्हता. चोरी झालेल्या माणसानेसुद्धा.

४

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा वडील पेपर वाचत बसले होते. छापून घेतलेला, हातात पेन्सिल. डायलिसिसच्या खाटेवर चार तास पडून माणूस छतावरच्या ठिपक्यांची सुद्धा ओळख करून घेतो. यांनी पेपर पहिल्या शब्दापासून शेवटच्या टिपेपर्यंत वाचला होता. कदाचित या भूतलावर एकट्यांनीच.

"बाबा, आधी माझं ऐका."

"आधी तू ऐक. माझी एक शंका आहे. तुमच्या उंदरांना गाडी का मिळाली नाही?"

ताईला वाटलं, यंत्रावर आज काहीतरी बिघडलं असावं. "कसली गाडी?"

"हे काय, मधल्या पानावर." त्यांनी चष्मा सारखा केला आणि आगारातल्या जुन्या घोषणेच्या आवाजात वाचलं, "'दोन उंदीर सततच्या ओकारीमुळे व एक उंदीर वाहनाच्या अडचणीमुळे पुढील तपासणीस उपस्थित राहू शकले नाहीत. सबब या तिघांस अंतिम मोजणीतून वगळण्यात आले.'"

ताई पिशवी खांद्यावर तशीच ठेवून पुढे वाकली.

"परत वाचा."

त्यांनी परत वाचलं. ताईने कागद त्यांच्या हातातून ओढला आणि स्वतः वाचलं. खाली परीक्षकांचे आभार मानले होते. दोन तज्ज्ञ परीक्षकांनी 'मांडणी विशेष सुबोध' असल्याचं म्हटलं होतं.

"पिंजरा ते टेबल किती लांब आहे तुमच्याकडे?" वडील म्हणाले. "अंतर जास्त असेल तर मी बोलतो कुणाशी तरी. आगारात अजून ओळखी आहेत."

ताई उठली आणि तिने चमच्यांचा कप्पा आवरायला घेतला. मोठे एकीकडे, लहान एकीकडे. ते आवरता आवरता तिला दोन सेकंद हसू आलं, आणि मग एकदम आलं नाही.

हे माणसांच्या चाचणीतलं होतं, हे उघड होतं. पेशंट ओकतात. पेशंटला गाडी मिळत नाही, म्हणून ते तपासणीला येत नाहीत. कुणीतरी माणसांचा तयार परिच्छेद उचलला आणि 'रुग्ण' खोडून 'उंदीर' केलं.

आणि माणसांची चाचणी एकाच माणसाची होती.

"त्या ठोक्याला मी सोडणार नाही," ती म्हणाली.

"ठोके? तो बुटाचा डॉक्टर?" वडिलांनी चाचणीचं माहितीपत्रक पुढे केलं. "पण त्याच्या पत्रकात असं नाही. ओकारीचं आहे, हे बघ. गाडीची अडचण नाही लिहिलेली. लिहील कशी? गाडी तर तेच देतायत."

ताईच्या हातातला चमचा चुकीच्या ढिगात पडला.

५

शनिवारी सकाळी ठोक्याने तो परिच्छेद वाचला आणि हसला. इतका हसला, की नर्सने येऊन त्याची नाडी बघितली. मग तो हसायचा थांबला, आणि त्याचा रंगही उडाला.

"वाक्य माझंच आहे," तो म्हणाला. "शब्दन् शब्द. पण मी लिहिलेलं नाही."

"हे कसं जमतं तुला?"

"अगं, उंदीर ओकतो असं मी लिहीन? मी तुला काल काय सांगितलं? नोकरीच्या सुरुवातीला ओकारीच्या औषधाचा प्रयोग उंदरांवर करायला निघालो होतो मी. दोन वर्षं वाट बघितली त्यांनी ओकण्याची. शेवटी एका पशुवैद्याने मला सांगितलं, की बाबा रे, यांना ते येतच नाही. सगळ्या वर्गाने वर्षभर मला ओकारी म्हणून हाक मारली. तूसुद्धा."

ताईला आठवलं. तिनेच सुरू केलं होतं.

"मग हे वाक्य कुठलं?"

"चाचणीच्या पहिल्या कच्च्या आराखड्यातलं. तेव्हा गाडी मंजूर नव्हती, म्हणून मी मुद्दाम लिहिलं होतं, 'वाहनाच्या अडचणीमुळे रुग्ण गळतात'. तो आराखडा मी एकाच माणसाकडे नेला. गाडी मागायला. त्यांनी वाचला, सही केली, गाडी मिळाली. दुसऱ्या दिवशी मी ते वाक्य काढलं. बाकी सगळ्यांना पक्काच गेला. समितीला, सरासरीला, पेशंटना."

"एकच माणूस."

"सही त्यांचीच लागते गाडीला."

ताईच्या डोक्यात मग एकेक खटका पडत गेला. चिमटा आयुष्यात कधी उंदराला ओकायला लावणार नाही. उंदरांची नाकंसुद्धा ती ओळखते. सरासरीला ओकणारा उंदीर आणि गाणारा उंदीर सारखाच, पण त्याच्याकडे जुनं वाक्य कधी गेलंच नाही. ठोक्याकडे वाक्य होतं, पण उंदीर ओकत नाही हे तो सोसून शिकलेला. जुनं वाक्य हातात असलेला आणि उंदीर काय चीज आहे हे अजिबात ठाऊक नसलेला माणूस संस्थेत एकच होता. दाराची फट धरून उद्घाटन केलेला.

"पण का?" ठोके म्हणाला. "त्यांना माझ्या चाचणीचं काय पडलंय?"

"तुझ्या चाचणीच्या प्रत्येक पेपरवर शेवटचं नाव कुणाचं असेल?"

ठोके खुर्चीत बसला.

ताईने कागद पुन्हा उलगडला. तीन उंदीर वगळले. आकडे तिच्याच अडतिसाव्याचे होते, आणि त्या प्रयोगात तीन उंदीर मेले होते. गोळीने. तिने स्वतःच्या हाताने त्यांच्या छात्या उघडल्या होत्या. हृदय बोटाला लागलं होतं ते सुकलेल्या बीसारखं. त्या तिघांवरच तिचा सगळा निष्कर्ष उभा होता. संचालकांनी आकडे घेतले आणि त्या तिघांना मोजणीतून उठवलं. दोघांना ओकायला लावलं आणि एकाला बस चुकवली.

"मेलेल्यांना त्याने गैरहजर केलं," ती म्हणाली. "फक्त गैरहजर."

ठोक्याने फोन उचलला. "मी आत्ता चाचणी थांबवतो."

"तुला एकट्याला थांबवता येते?"

त्याने फोन ठेवला. "नाही. पेपर उभा आहे तोवर समिती त्यांचं ऐकेल."

मग ताईने फोन केला, ज्या नियतकालिकात पेपर छापला होता तिथे. पलीकडच्या माणसाने जांभई देत सांगितलं, की पेपर मागे घ्यायची सूचना पहिल्या लेखकाने लिहायची, कारणासह. ती त्यानेच एकेका सहलेखकाला संमतीसाठी पाठवायची. सगळे 'मान्य' म्हणाले, की पेपर पडला.

"आणि एखादा नाही म्हणाला तर?"

"बाई, आजवर कुणी वाचून 'नाही' म्हटलेलं नाही," तो माणूस म्हणाला. "वाचून 'हो' म्हटलेलाही मला माहीत नाही."

ताईने सूचना लिहायला घेतली. शिक्का तिच्या नावाला बसणार होता, हे तिला दिसत होतं. तिने कारण लिहिलं. सगळं कारण, नावासकट.

६

दुपारी संचालकांच्या खोलीत सगळे जमले. चिमटा, सरासरी, ठोके, आणि ताई. तिघांनी सूचना आधीच वाचून मान्य केली होती. सरासरीने तर आयुष्यात पहिल्यांदा 'हो' म्हटलं होतं, आणि त्याला तेव्हापासून थोडं गरगरत होतं.

"सापडला का चोर?" संचालक हसत म्हणाले.

"सापडतोय," ताई म्हणाली, आणि मांडीवरच्या मोबाईलवर एक बटण दाबलं. टेबलावरचा एकही गोळा तिने आज हलवला नाही. चिमट्याने हे पाहिलं आणि ती हळूच भिंतीकडे सरकली.

"हे बघा," संचालक बोलू लागले, "संस्थेचं नाव, रुग्णांचं हित, आणि एकूणच ज्ञानाची वाटचाल..." त्यांच्या मोबाईलवर टिंग झालं. बोलता बोलता त्यांनी तो उचलला, अंगठा एकदा वरून खाली ओढला, एकदा दाबला, आणि पालथा ठेवला. "...यांचा समतोल साधायला हवा. तर कोण?"

ताईने सांगितलं. ओकारी, गाडी, कच्चा आराखडा, सही. आवाज न चढवता. संचालक ऐकत होते आणि प्रत्येक टप्प्यावर किंचित मान हलवत होते, दुसऱ्याच्या भाषणाला हलवतात तशी.

"छान," शेवटी ते म्हणाले. "गोष्ट म्हणून छान आहे. पण आराखडा माझ्या टेबलावरून कुणीही उचलू शकतो. उंदीर ओकत नाही हे मला ठाऊक नसणं हा गुन्हा आहे का? मला पुष्कळ गोष्टी ठाऊक नाहीत. तरी मी संचालक आहे."

"त्यामुळेच," ठोके पुटपुटला.

"पुरावा आहे का, मॅडम?"

"तुमची लेखी कबुली आहे."

"कधी दिली मी?"

"आत्ता. समतोल साधताना."

संचालकांनी मोबाईल सुलटा केला. ताईने आपल्याकडची प्रत वाचली. "'सदर पेपर संस्थेच्या संचालकांनी पहिल्या लेखिकेच्या नकळत, तिच्या नावाने लिहिला. यात गोळीमुळे मेलेले तीन उंदीर ओकारी व वाहनाच्या कारणाने गैरहजर दाखवले आहेत. सर्व सहलेखकांस हे मान्य आहे.' खाली तुमचं नाव. मान्य. वेळही आहे."

"मी वाचलं नव्हतं," संचालक म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खुर्चीपेक्षा लहान वाटला. "वाचलं नव्हतं ना मी."

"बाबांनी वाचला," ताई म्हणाली. आता मात्र तिचा आवाज चढला, आणि चिमट्याने तो पहिल्यांदा ऐकला. "सुई टोचलेल्या हाताने, पेन्सिल धरून, एकेक ओळ. माझं नाव वर आहे म्हणून त्यांनी तुमची प्रत्येक थाप खरी मानली. सही केली. सोमवारी ते गेले असते, आणि तुम्ही त्यांचंही काहीतरी कारण लिहिलं असतं. सुबोध मांडणीत."

संचालकांनी तोंड उघडलं. तेवढ्यात चाचणीच्या समितीचा फोन ठोक्याला आला. पेपर पडला होता.

७

सोमवारी सकाळी वडिलांच्या खाटेजवळ ना गोळी होती ना गाडीवाला. यंत्र नेहमीसारखं गुरगुरत होतं. ताई रजा टाकून स्टुलावर बसली होती. फोनवर तिने स्वतःचं नाव शोधलं होतं, आणि अपेक्षेप्रमाणे लाल शिक्का सगळ्यांत वर होता. तिने फोन पिशवीत टाकला.

वडील तिच्याकडे बघत नव्हते. तासभर झाला होता.

"बोला की काहीतरी."

"काय बोलू? शेजारच्या खाटेवाला विचारत होता, गोळी कधी मिळणार. त्यालाही मीच सही करायला लावली होती. तुझं नाव सांगून."

"बाबा, ती गोळी वाईट होती."

"ते कळलं मला. वाचता येतं." त्यांनी नळीकडे पाहिलं, लाल जाते आणि लाल येते. "पण दोन दिवस मला वाटत होतं, की काहीतरी आहे. तुला नाही कळायचं. दोन दिवस मी जिने चढलो."

ताईने चादरीची घडी सरळ केली. उशीजवळचा रुमाल चौकोनी केला. पाण्याची बाटली भिंतीला समांतर ठेवली.

"चांगली गोळी कधी सापडेल?" त्यांनी विचारलं.

"सांगता येत नाही."

"अंदाजे."

"दहा वर्षं. बारा. नशीब असलं तर."

वडिलांनी मनातल्या मनात कुठलंतरी वेळापत्रक लावून पाहिलं. गाडी सुटायची वेळ, पोचायची वेळ, आणि मध्ये कुठे जोडून घेता येईल का ते. मग त्यांनी मान फिरवली आणि सकाळपासून पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. नजरेत राग तसाच होता.

"मग इथे बसून माझी चादर काय सरळ करतेस?" ते म्हणाले. "जा की कामाला."